कॅनडाच्या लाकडावरची ड्यूटी: ट्रक सीमेवर यायच्या आधी काय तपासायचं

ब्लेनच्या ट्रक क्रॉसिंगवर उजाडायच्या आधीच लाकडाच्या गाड्या उभ्या असतात. एका बाजूला ब्रिटिश कोलंबिया, दुसऱ्या बाजूला वॉशिंग्टन राज्य, आणि मध्ये कागदात गुंडाळलेले टू-बाय-फोरचे गठ्ठे. त्या गाड्यांचे कागद भरणं हे माझं काम. कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात एंट्री रायटर म्हणून मी सुरुवात केली, नंतर परीक्षा देऊन लायसन्स घेतलं.

अमेरिकेत डेक बांधणारे, घरं बांधणारे, किचन करून देणारे बरेच मराठी लोक आहेत, आणि २०२५च्या उन्हाळ्यापासून त्यांचे फोन वाढले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "ताई, कॅनडाच्या लाकडावर आता एकूण टक्के किती?" टक्के मी पुढे सांगणारच आहे. पण त्याआधी मी त्यांना उलट विचारते: कागदावर आयातदार म्हणून नाव कुणाचं लागणार आहे? ज्याला याचं उत्तर माहीत नाही, त्याला टक्के सांगून उपयोग नाही, कारण ती टक्केवारी पुढे बदलणार असते आणि बदलली की बिल त्या नावावर येतं.

आधी नाव, मग दर

ड्यूटी भरायची जबाबदारी इम्पोर्टर ऑफ रेकॉर्डची, म्हणजे एंट्रीवर, कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या कागदावर, ज्याचं नाव आहे त्याची. कॅनडाच्या मोठ्या गिरण्या बहुतेक वेळा हे नाव स्वतःचंच लावतात. त्या सीमेपलीकडे असूनही अमेरिकेत आयातदार म्हणून नोंदलेल्या असतात, ड्यूटी त्याच भरतात आणि तुम्हाला पोहोच भाव सांगतात. अशा सौद्यात ड्यूटी भावातच आलेली असते आणि पुढे दर बदलला तरी कस्टम्स तुमच्या दारात येत नाही.

अडचण होते ती लहान विक्रेत्याकडून घेताना. तो म्हणतो, "भाव कमी लावतो, आयातदार तुम्ही व्हा." भाव खरंच कमी असतो. अशा वेळी मी माणसाला हातातलं काम बाजूला ठेवून नीट ऐकायला सांगते, कारण अमेरिकेची पद्धत इथे इतर बऱ्याच देशांपेक्षा वेगळी आहे.

कॅनडाच्या सॉफ्टवुडवर, म्हणजे सूचिपर्णी झाडांच्या लाकडावर, अँटी-डम्पिंग (स्वस्त विक्रीविरुद्धची) आणि काउंटरवेलिंग (सरकारी अनुदानाविरुद्धची) अशा दोन ड्यूट्या आहेत. गाडी सीमेवरून आत येते तेव्हा तुम्ही त्यांची रक्कम भरता खरी, पण ती असते डिपॉझिट. खरा दर नंतर ठरतो. वाणिज्य खातं दर वर्षी मागच्या वर्षाच्या मालाचा आढावा घेतं, त्याला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू म्हणतात. त्यात निघालेला दर दोन ठिकाणी लागतो: आढाव्यातल्या जुन्या मालाला अंतिम दर म्हणून, आणि आजपासून येणाऱ्या मालाला नवं डिपॉझिट म्हणून.

एक उदाहरण घेऊ. २०२३ साली ज्या गिरण्यांना स्वतंत्र दर नव्हता, त्यांच्या मालावर दोन्ही ड्यूट्या मिळून डिपॉझिट आधी ८.५९ टक्के होतं, ऑगस्टनंतर ८.०५ टक्के झालं. त्याच २०२३च्या मालाचा आढावा जुलै आणि ऑगस्ट २०२५मध्ये पूर्ण झाला. अँटी-डम्पिंग निघाली २०.५६ टक्के, काउंटरवेलिंग १४.६३ टक्के, बेरीज ३५.१९. आठ टक्के भरून माल आणलेला, विकलेला, त्याच्या भिंती उभ्या राहून आत लोक राहायला गेलेले, आणि हिशेब पस्तीस टक्क्यांवर गेला. वरचा फरक आयातदाराच्या नावावर, व्याजासकट.

आता उलट बाजू. २०२० साली डिपॉझिट बराच काळ वीस टक्क्यांच्या वर होतं, आणि त्या वर्षाचा अंतिम दर निघाला ८.५९. म्हणजे पैसे परत मिळण्याचीही शक्यता असते, आणि तेही आयातदारालाच मिळतात. पण प्रकरण व्यापार कराराच्या पॅनेलपुढे किंवा कोर्टात गेलं की लिक्विडेशन, म्हणजे एंट्रीचा शेवटचा हिशेब, थांबतं. एंट्री वर्षानुवर्षं उघडी राहते. मोठ्या कंपनीच्या हिशेबवहीत अशी रक्कम पडून राहू शकते. चार माणसांच्या डेकच्या धंद्याला ते परवडत नाही. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: तुमच्याकडे दोन-तीन वर्षांनी येणारं बिल झेलायला वेगळे ठेवलेले पैसे नसतील, तर आयातदार होऊ नका. थोडा जास्त भाव द्या आणि पोहोच माल घ्या.

ही भानगड आली कुठून

थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय कागदावरची नावं कळत नाहीत. कॅनडातलं सुमारे ९४ टक्के जंगल सरकारी मालकीचं आहे. झाड तोडायची किंमत, तिला स्टम्पेज म्हणतात, बहुतेक प्रांतांत सरकार ठरवतं. अमेरिकेत लाकूड मोठ्या प्रमाणावर खासगी जमिनीवरून येतं आणि बाजारभावाने विकलं जातं. अमेरिकन गिरण्यांचं म्हणणं असं की कॅनडाचं स्टम्पेज स्वस्त आहे, म्हणून ते अनुदानच आहे. कॅनडाला हे मान्य नाही. हा तंटा १९८२पासून चालू आहे. मध्ये करार झाले, १९८६ला, १९९६ला, २००६ला. २००६च्या कराराच्या वेळी जमा झालेल्या सुमारे ५ अब्ज डॉलरपैकी ४ अब्ज परत दिले गेले. तो करार ऑक्टोबर २०१५मध्ये संपला, नोव्हेंबर २०१६मध्ये नवीन तक्रार दाखल झाली आणि जानेवारी २०१८पासून आजच्या दोन ऑर्डरी, म्हणजे या ड्यूट्या लावणारे आदेश, लागू आहेत. एंट्रीवर त्यांचे नंबर येतात: अँटी-डम्पिंगचा ए-१२२-८५७, काउंटरवेलिंगचा सी-१२२-८५८. १२२ म्हणजे कॅनडा.

अनुदानाविरुद्धची ती काउंटरवेलिंग, आणि योग्य भावापेक्षा स्वस्त विकल्याबद्दलची ती अँटी-डम्पिंग. दोन्ही एकाच मालावर, एकाच किमतीवर लागतात.

तिसरा थर १४ ऑक्टोबर २०२५ला आला. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून लावतात ती कलम २३२ची ड्यूटी: सॉफ्टवुडचे ओंडके आणि चिरलेलं लाकूड यांवर १० टक्के. ही फक्त कॅनडावर नाही, कुठूनही आलेल्या सॉफ्टवुडवर आहे. उत्तर अमेरिकेच्या व्यापार कराराचं प्रमाणपत्र दाखवून ती सुटत नाही. हे मला रोज कुणाला तरी सांगावं लागतं, कारण लोकांनी "करारातला माल माफ" असं कुठेतरी ऐकलेलं असतं. ती माफी दुसऱ्या ड्यूटीची होती.

माल कुठल्या कोडात बसतो

आधी एक शब्द साफ करू. सॉफ्टवुड म्हणजे मऊ लाकूड नव्हे. सूचिपर्णी झाडाचं लाकूड ते सॉफ्टवुड: पाइन, स्प्रूस, फर, हेमलॉक, सीडर. बाल्सा हाताने दाबली तर खळगा पडतो, तरी कस्टम्सच्या लेखी ते हार्डवुड. ओक, मेपल, बर्च या कॅनडाहून येणाऱ्या फळ्यांवर सॉफ्टवुडच्या या तिन्ही ड्यूट्या नाहीत.

कस्टम्सच्या टॅरिफच्या यादीत लाकडाचा धडा ४४वा, फर्निचरचा ९४वा. ४४व्या धड्यात जे आकडे रोज लागतात ते असे: ४४०३ म्हणजे ओंडके, ४४०७ म्हणजे लांबीत चिरलेलं आणि ६ मिलिमीटरपेक्षा जाड लाकूड, ४४०८ म्हणजे त्याहून पातळ व्हिनियर, ४४०९ म्हणजे कडेला खाच-जीभ किंवा नक्षी काढलेलं लाकूड, ४४१२ प्लायवुड, ४४१८ दारं-खिडक्या आणि इतर बांधकामाचं सुतारकाम. ४४०७च्या पोटात झाडाप्रमाणे फोड आहे: ४४०७.११ पाइन, .१२ फर आणि स्प्रूस, .१३ स्प्रूस-पाइन-फर मिश्रण, .१४ हेमलॉक-फर, .१९ उरलेली सूचिपर्णी झाडं, त्यातच सीडर येतं.

गिरणीच्या बिलावर नुसतं "लंबर" लिहिलेलं असेल तर मी एंट्री भरत नाही. झाड कुठलं, मिश्रण आहे का, रंधा मारलाय का, कडा घडवल्या आहेत का, हे विचारते. कारण इथे एक बारकावा आहे आणि त्यात पैसे आहेत. अँटी-डम्पिंग आणि काउंटरवेलिंगच्या ऑर्डरीची कक्षा आणि कलम २३२ची यादी एकमेकींवर पूर्ण बसत नाहीत. ४४०३चे ओंडके २३२च्या यादीत आहेत, पण जुन्या दोन ऑर्डरींत नाहीत. उलट ४४०९.१०मधली घडवलेली साइडिंग आणि फ्लोअरिंग जुन्या ऑर्डरींत आहे, पण २३२च्या सॉफ्टवुडच्या यादीत नाही. म्हणून एकाच गिरणीचं एकाच जातीचं लाकूड, एक फळी सपाट आणि एक खाच-जीभवाली, तर दोघींच्या ड्यूटीत १० टक्क्यांचा फरक पडतो. हा फरक बघून सपाट फळीला घडवलेली म्हणायचा मोह होतो. तो करू नका. कस्टम्स गाडी उघडून बघतं, फॉर्म २८ पाठवून फोटो आणि नमुना मागतं, आणि चुकीचा कोड जाणूनबुजून लावला असं दिसलं तर दंड मालाच्या पूर्ण किमतीइतका होऊ शकतो.

खरीच शंका असेल तर बाइंडिंग रूलिंग, म्हणजे कोड कुठला याचा कस्टम्सचा लेखी, बांधील निर्णय मागा. मालाचं वर्णन, फोटो, मोजमाप देऊन ऑनलाइन अर्ज करायचा. साध्या प्रकरणांत उत्तर बहुतेक महिन्याभरात येतं आणि ते साऱ्या बंदरांवर चालतं. मात्र अर्ज माल यायच्या आधीच करायला हवा.

ऑर्डरीतून सुटणारा मालही आहे, आणि तो लोक विसरतात. न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड या प्रांतांतल्या झाडांपासून तिथेच चिरलेलं लाकूड, अटलांटिक लंबर बोर्डाचं प्रमाणपत्र सोबत असेल तर अँटी-डम्पिंग आणि काउंटरवेलिंगमधून बाहेर आहे. न्यू ब्रन्सविक शेजारीच असूनही त्या यादीत नाही. ठरावीक अटी पाळणारी एका कुटुंबाच्या घराची पूर्ण किट बाहेर आहेत. अमेरिकेतलं लाकूड फक्त वाळवायला किंवा रंधा मारायला कॅनडात जाऊन परत येत असेल, तर तेही बाहेर. पण अटलांटिक प्रांतांचं लाकूड सुटतं ते जुन्या दोन ड्यूट्यांतून. कलम २३२चे १० टक्के त्यालाही लागतात.

हिशेब

एक ट्रक घेऊ. २८ हजार बोर्ड फूट स्प्रूस-पाइन-फर, हजाराला ५०० डॉलर धरले तर किंमत १४,००० डॉलर. भाव समजायला सोपा म्हणून घेतलाय, बाजाराचा नाही.

४४०७ची मूळ ड्यूटी शून्य आहे. ऑगस्ट २०२५मध्ये ठरलेल्या "बाकी सगळे" दराने काउंटरवेलिंग १४.६३ टक्के म्हणजे २,०४८.२०. अँटी-डम्पिंग २०.५६ टक्के म्हणजे २,८७८.४०. कलम २३२चे १० टक्के म्हणजे १,४००. एकूण ६,३२६.६०, म्हणजे ४५.१९ टक्के. प्रत्येक टक्केवारी मूळ १४,०००वरच लागते, ड्यूटीवर ड्यूटी चढवायची नाही. व्यापार कराराप्रमाणे माल कॅनडात तयार झालेला असल्याचं प्रमाणपत्र असेल तर कस्टम्सची प्रोसेसिंग फी नाही. प्रमाणपत्राचा उपयोग इतकाच, पण गाडीमागे तेवढे पैसेही वाचवावेत.

"बाकी सगळे" दर तुमच्या गिरणीला लागेलच असं नाही. आढाव्यात ज्यांची स्वतंत्र तपासणी होते, उदाहरणार्थ वेस्ट फ्रेझर आणि कॅनफर, त्यांचे दर स्वतंत्र असतात आणि एकमेकांपासून खूप लांब असू शकतात. म्हणून केस नंबरला, म्हणजे वरच्या ए-१२२-८५७ आणि सी-१२२-८५८ला, पुढे जोडायचे तीन अंक महत्त्वाचे. ००० म्हणजे बाकी सगळे, दुसरे अंक म्हणजे त्या कंपनीचा दर. गिरणी कुठली हे विचारा, दलालाचं नाव नको. दलालाकडून माल घेताना गिरणीचं नाव लपवलं जातं, आणि मग ब्रोकरला अंदाजाने भरावं लागतं. मी अंदाजाने भरत नाही, गाडी थांबली तरी चालेल.

दर कुठल्या दिवसाचा? माल एंट्री होतो त्या दिवसाचा. ऑर्डर दिली तो दिवस नाही, गाडी गिरणीतून निघाली तोही नाही. दर बदलायच्या आठवड्यात गाडी मंगळवारी आली की गुरुवारी, यावर हजारो डॉलर इकडचे तिकडे होतात. म्हणून आढाव्याचा निकाल यायच्या सुमाराला मोठी खरेदी करत असाल तर करारात लिहून घ्या: दर वाढला तर फरक कोण भरणार.

आता किमतीबद्दल, कारण इथे सर्वांत जास्त पैसे नकळत जातात. अमेरिकेत ड्यूटी मालाच्या किमतीवर लागते, सीमेपर्यंतच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर नाही. पण वाहतूक बिलात वेगळी दाखवलेली हवी. माझ्या एका ग्राहकाची बिलं कित्येक महिने "पोहोच १५,६००" अशी एका आकड्यात येत होती. त्यातले १,६०० वाहतुकीचे. ते वेगळे न दाखवल्यामुळे त्यांच्यावरही ४५.१९ टक्के गेले, गाडीमागे ७२३ डॉलर. मी विक्रेत्याला बिलाचा नमुना लिहून पाठवला: मालाची किंमत एका ओळीत, प्रत्यक्ष वाहतूक दुसऱ्या ओळीत, सोबत ट्रकवाल्याचं बिल. तेव्हापासून ते थांबलं. मागच्या एंट्र्या दुरुस्त करायलाही वाव असतो: एंट्रीपासून ३०० दिवसांत, आणि ठरलेल्या लिक्विडेशनच्या १५ दिवस आधीपर्यंत, ब्रोकर दुरुस्ती पाठवू शकतो. जितक्या एंट्र्या मुदतीत होत्या तितक्या आम्ही केल्या.

लक्षात घ्या, ड्यूटी टक्क्यात आहे, घनफळावर नाही. म्हणून सीडरसारखं महाग लाकूड जास्त पोळतं. आणि ज्यांनी साधं लाकूड विकत घेऊन त्यावर मेहनत करून माल घडवला, त्या लहान कारखान्यांना आपल्या मेहनतीवरही ड्यूटी भरावी लागते. मला हे अन्यायाचं वाटतं. त्या लोकांनी ना जंगल तोडायचा परवाना घेतलेला असतो, ना सरकारी स्टम्पेजचा फायदा.

दोन गोष्टी ज्यांनी माणसं अडकतात

पहिली, बॉन्ड. आयातदाराला कस्टम्सकडे जामीनकीचा बॉन्ड ठेवावा लागतो, कमीत कमी ५०,००० डॉलरचा, आणि साधारण नियम असा की गेल्या बारा महिन्यांत भरलेल्या ड्यूटी-करांच्या दहा टक्के. वरचाच ट्रक घ्या, आठवड्याला तीन गाड्या, वर्षाला दीडशे. ८.०५ टक्क्यांच्या काळात वर्षाची ड्यूटी १,६९,०५० होत होती. ५०,०००चा बॉन्ड आरामात पुरत होता. ४५.१९ टक्क्यांवर तीच ड्यूटी ९,४८,९९० होते, आणि बॉन्ड एक लाखाचा लागतो. माल तोच, गाड्या तेवढ्याच. एका ग्राहकाला बॉन्ड अपुरा असल्याचं पत्र थंडीत आलं, जामीन कंपनीने वर बँकेची हमी मागितली, आणि ती उभी करेपर्यंत तो माणूस झोपला नाही. दर बदलल्याची बातमी आली की त्याच दिवशी वर्षाच्या ड्यूटीचा नवा अंदाज काढा आणि जामीन कंपनीला आपण होऊन फोन करा.

दुसरी, परतफेड नसल्याचं प्रमाणपत्र. आयातदाराने लिहून द्यायचं असतं की अँटी-डम्पिंग ड्यूटीची रक्कम मला विक्रेत्याने परत दिलेली नाही आणि देणार नाही. हे लिक्विडेशनच्या आधी दाखल झालं नाही तर विक्रेत्याने परतफेड केली असं धरलं जातं आणि अँटी-डम्पिंगची रक्कम दुप्पट होते. वरच्या ट्रकवर २,८७८.४०च्या जागी ५,७५६.८०. एका साध्या कागदाने हे टळतं, म्हणून मी वर्षाच्या सुरुवातीलाच तो भरून घेते. आणि म्हणूनच, विक्रेता म्हणाला की "ड्यूटी तुम्ही भरा, आम्ही पुढच्या बिलात सूट देऊन भरून काढू", तर त्याला हो म्हणू नका. ती परतफेडच आहे. तुम्ही सही केलेला कागद मग खोटा ठरतो.

कॅबिनेट आणि सोफे आणणाऱ्यांसाठी

किचनच्या धंद्यातले लोक विचारतात म्हणून एवढं जोडते. १४ ऑक्टोबर २०२५पासून कलम २३२खाली किचन कॅबिनेट, बाथरूमच्या व्हॅनिटी (बेसिनखालची कपाटं) आणि त्यांचे भाग यांवर २५ टक्के, गादी चढवलेल्या लाकडी सांगाड्याच्या सोफा-खुर्च्यांवर २५ टक्के. हे दर १ जानेवारी २०२६ला अनुक्रमे ५० आणि ३० टक्के व्हायचे होते. ३१ डिसेंबर २०२५च्या आदेशाने ती वाढ १ जानेवारी २०२७वर ढकलली गेली. ब्रिटनच्या मालाला १० टक्के, युरोपीय संघ आणि जपानच्या मालाला मूळ ड्यूटी धरून एकूण १५ टक्क्यांची मर्यादा आहे.

कोड बघा: कॅबिनेट ९४०३.४०.९०६०, व्हॅनिटी बहुतेक ९४०३.६०.८०९३, भाग ९४०३.९१.००८०. यातले शेवटचे दोन सरमिसळ कोड आहेत. त्यांत पुस्तकांचं कपाट किंवा टेबलाचे पायही बसतात, आणि त्यांवर हे २५ टक्के नाहीत. तुमचा माल खरोखर किचन-बाथरूमचा नसेल तर बिलात स्पष्ट लिहा: काय आहे, कुठल्या खोलीत वापरतात, मापं किती, भिंतीला बसवतात की मोकळं उभं राहतं. नुसतं "लाकडी कॅबिनेट" लिहिलंत तर अधिकारी तुमच्या बाजूने अर्थ लावणार नाही.

व्हिएतनामहून २०,००० डॉलरची कॅबिनेट जहाजाने आली तर ५,००० ड्यूटी, प्रोसेसिंग फी ०.३४६४ टक्के म्हणजे ६९.२८, बंदर फी ०.१२५ टक्के म्हणजे २५. चीनहून आणणं हा वेगळाच विषय आहे. कॅबिनेट आणि व्हॅनिटींवर तिथे एप्रिल २०२०पासून अँटी-डम्पिंग आणि काउंटरवेलिंगच्या ऑर्डरी आहेत, आणि स्वतंत्र दर नसलेल्या कारखान्यांसाठी अँटी-डम्पिंग २५० टक्क्यांच्या वर आहे. चिनी दारं आणि खोकी तिसऱ्या देशात नुसती जोडून पाठवली तरी माल त्या ऑर्डरींत येऊ शकतो. म्हणून कारखान्याला विचारा: प्लायवुड कुठलं, दारं कुणी केली, तुमच्याकडे कापकाम होतं की फक्त जोडकाम. उत्तर लेखी घ्या, शक्य तर कच्च्या मालाची बिलंही.

गाडी सुटायच्या आधी फाइलमध्ये काय हवं

लेसी ॲक्टची, म्हणजे बेकायदा तोडलेल्या लाकडाविरुद्धच्या अमेरिकन कायद्याची, नोंद मी शेवटी ठेवते, पण विक्रेत्याकडून ही माहिती सर्वांत आधी मागवते, कारण तिलाच उशीर होतो. झाडाचं शास्त्रीय नाव, कुठल्या देशात तोडलं, किती माल, किंमत किती. वेस्टर्न रेड सीडर असेल तर थुजा प्लिकाटा, डग्लस फर असेल तर सुडोत्सुगा मेन्झिसाय. स्प्रूस-पाइन-फर मिश्रणाला एकत्र संक्षेप चालतो. १ डिसेंबर २०२४पासून ही नोंद लाकडाच्या जवळजवळ सर्व वस्तूंना लागू झाली आहे, फर्निचर धरून.

बाकी कागद: गिरणीचं नाव असलेलं बिल, गठ्ठ्यांची मोजणी, ट्रकची बिल्टी, मूळ देशाचं प्रमाणपत्र, परतफेड नसल्याचं प्रमाणपत्र, अटलांटिक प्रांताचं लाकूड असेल तर बोर्डाचा दाखला. गाडी सुटल्यापासून दहा कामाच्या दिवसांत एंट्री समरी, म्हणजे फॉर्म ७५०१, आणि पैसे गेले पाहिजेत. तो फॉर्म ब्रोकरकडून मागून घ्या आणि स्वतः वाचा. वर एंट्रीचा प्रकार ०३ असायला हवा. कॅनडाच्या सॉफ्टवुडवर ०१ दिसला तर एक तर तुमचा माल ऑर्डरीबाहेरचा आहे किंवा चूक झाली आहे, त्याच दिवशी फोन करा.

कागद पाच वर्षं ठेवा, आणि एंट्री उघडी असेल तर ती बंद होईपर्यंत. लिक्विडेशनची नोटीस निघाली की तुमच्याकडे हरकत घ्यायला १८० दिवस असतात. ही नोटीस ऑनलाइन लागते, त्यामुळे ती तुमच्या टपालात येईल म्हणून वाट बघू नका. ब्रोकरला सांगून ठेवा, किंवा कस्टम्सच्या एस (ACE) या ऑनलाइन प्रणालीत स्वतःचं खातं उघडा आणि महिन्यातून एकदा आपल्या उघड्या एंट्र्यांची यादी काढा. माझ्या ग्राहकांची यादी मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काढते, आणि ज्यांच्या नावावर एकही एंट्री उघडी आहे त्यांना फोन करते.